आधी खाट, मग खरर

आमच्याकडं घरात काही पडलं तर 'काय पडलं?' असं कुणी विचारत नाही. 'कुणी पाडलं?' असं विचारतात. काय पडलं ते आवाजानंच कळलेलं असतं. तांब्या पडला तर टणकन वाजतो आणि मग कोपऱ्यापर्यंत गडगडत जातो. माठ फुटला तर फट् होतं आणि पाण्याचा आवाज मागून येतो. भाताचं पोतं खांद्यावरनं टाकलं तर धप्प. चिखलाचा गोळा भिंतीला मारला तर थप्प. भिंतीला टेकवून ठेवलेली कुऱ्हाड घसरली तर आधी दांड्याचा खट येतो, मग पात्याचा खण. आणि पोर पडलं तर ते रडायच्या आधी त्याची आई चुलीपासनं उठलेली असते. तो आवाज कोणत्या शब्दात बसवावा ते मला अजून जमलेलं नाही, पण तिला तो बरोबर कळतो. शेजारी लाकडाचा ओंडका पडला तर ती जागची हलत नाही.

आमचं गाव वैशाखरे. मुरबाड तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर, माळशेजचा घाट लागायच्या अलीकडं. नाणेघाटाची वाट आमच्याकडूनच वर चढते. माझ्या लहानपणी रात्र म्हणजे एक कंदील आणि बाकी काळोख. अशा ठिकाणी माणूस डोळ्यापेक्षा कानावर जास्त विसंबतो. गोठ्यात बैलानं शिंग खुंट्याला घासलं की लाथ मारली, हे अंथरुणातनं कळलं पाहिजे. चैत्रात पहाटे मोहाची फुलं पडतात, त्यांचा टप् टप् आवाज ऐकून ठाकर-कातकऱ्यांच्या बाया टोपल्या उचलतात. पाडाला आलेला आंबा पडला तर त्याचा आवाज वेगळा आणि माकडानं खाऊन टाकलेली कोय पडली तर वेगळा. आंब्याच्या आवाजाला पोरं पळतात, कोयीच्या आवाजाला शिव्या देतात.

गेल्या पावसाळ्यात माझी नात वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. वहीत इंग्रजी शब्दांची यादी होती. बँग, बम्प, थड, थम्प, क्रॅश, स्मॅश, क्लँग, स्लॅम, डॅश. समोर मराठी अर्थ लिहायचे होते आणि तिनं ते गाइडात बघून लिहिले होते. थड म्हणजे आदळणे. थम्प म्हणजे आदळणे. बम्प म्हणजे आदळणे. क्रॅश म्हणजे जोरात आदळणे.

"आबा, सगळ्यांचा अर्थ एकच, तर त्यांनी एवढे शब्द केले कशाला?"

माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही काठावर पास होण्याएवढं. पण तो अर्थ लिहिणाऱ्यानं आयुष्यात एकदाही पोतं उचललेलं नसणार, हे मला लगेच कळलं. मी तिला म्हणालो, "चल, उठ. तुझ्या डिक्शनरीत आवाज कसा सांगितलाय तो वाच, आणि घरात शोधू."

ती वाचायची आणि मी वाजवायचो. जड मऊ वस्तू जमिनीवर पडल्याचा आवाज म्हटल्यावर कोंड्याचं पोतं ओट्यावरनं ढकललं. हा थड. धातूवर धातू किंवा दगड म्हटल्यावर पहार उचलून जात्याच्या तुटक्या पाळूवर टाकली. हा क्लँग. दार रागानं लावणं म्हणजे स्लॅम. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही, आतनं तिच्या आजीनंच करून दाखवलं, कारण पहारीच्या आवाजानं तिची दुपारची झोप मोडली होती. बम्प शोधायलाही लांब जावं लागलं नाही. आमच्या जुन्या पडवीची चौकट ठेंगणी आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक उंच पाहुण्याचं कपाळ तिला लागतं. कपाळाला येतं त्या टेंगळालाही इंग्रजीत बम्पच म्हणतात, असं नातीनं सांगितलं. म्हणजे मार आणि मारातनं उठलेलं टेंगूळ यांना एकच नाव. मला ते पटलं.

वह्या-पुस्तकांचं माझं काही खरं नाही, पण त्या यादीत मला एक गंमत दिसली. बम्प, थम्प, डम्प, असे 'म्प'वर थांबणारे शब्द म्हणजे जड, बोथट मार. बँग, क्लँग यांचा शेवट घुमत राहतो. क्रॅश, स्मॅश, स्प्लॅश यांच्या शेवटी काहीतरी सांडतं, फुटतं, पसरतं. आणि टॅप, स्लॅप, क्लॅप यांत सपाट हात आहे. आता आपल्याकडं बघा. धप, थप, टप, चप यांतही सपाट आणि मऊच आहे. टण, खण, ठण, झण यांच्या शेवटचा 'ण' घुमतो. ट आणि ख आला की वस्तू कोरडी, कठीण. ध आणि भ आला की जड आणि बहुधा ओली. वाळक्या लाकडात कुऱ्हाड बसली तर खण, ओल्या लाकडात बसली तर भच्च. सात समुद्रापलीकडचा माणूस आणि आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याचे, शब्द वेगळे, पण कान सारखाच पडला असणार.

फरक आहे तो पुढं आहे. इंग्रजीत त्या आवाजाचंच क्रियापद होतं. पोतं 'थडलं', दार 'स्लॅमलं', असं ते बोलतात. आपण आवाज वेगळा ठेवतो आणि काम वेगळं ठेवतो. पोतं धपकन पडलं, दार धाडकन लावलं. आवाज बदलून बघा. दार खटकन लावलं म्हणजे नुसतं लावलं. खाटकन लावलं म्हणजे जोर आला. धाडकन लावलं म्हणजे भांडण झालं. एक काना वाढला की घरातलं वातावरण कळतं. फटकन बोलली आणि फाडकन बोलली यांत सासूला कळण्याइतकं अंतर आहे.

मुरबाडला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याकडं मोल्सवर्थचा कोश आहे, मराठी शब्दांचे इंग्रजी अर्थ दिलेला. मोल्सवर्थ हा इंग्रजांच्या फौजेतला माणूस. कोश पहिल्यांदा छापला १८३१ साली, दुसरी वाढवलेली आवृत्ती १८५७ची. गुरुजींनी मला त्यातली पानं उघडून दाखवली. असल्या आवाजाच्या शब्दांपुढं त्यानं चार शेपट्या जोडून ठेवल्यात. कन, कर, दिनी, दिशी. म्हणजे धपकन, धपकर, धपदिनी, धपदिशी, चारही बरोबर. पुस्तकी मराठीनं त्यातला 'कन' तेवढा ठेवला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून धाडदिशी, खाडदिशी म्हणतात आणि शाळेतली पोरं त्यांना हसतात. साहेबानं मात्र न हसता लिहून घेतलं होतं. दहावीला आम्हाला व्याकरणात 'अनुकरणवाचक शब्द' म्हणून खडखड, गडगड अशी दोन-चार उदाहरणं होती. एका मार्काचा प्रश्न असायचा. पाठ केली आणि विसरलो. घरी दिवसभर तेच शब्द बोलत होतो ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या शब्दांवर आमची कामं चालायची, म्हणून एवढं सांगतो. माठ घ्यायला गेलं तर बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायचा. टण वाजला तर पक्का भाजलाय, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे. जुनी माणसं चांदीचा रुपया दगडावर टाकून बघत, तेव्हाही हाच न्याय. खणखणीत माणूस, खणखणीत बोलणं, हे सगळं त्या नाण्यावरनं आलं. आमच्या वर नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी अक्षरांतला लेख आहे, दोन हजार वर्षांपलीकडचा. शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा गुरुजी लेखाबद्दल सांगत होते आणि आम्ही पोरं रांजणात खडे टाकून कान लावत होतो. तिथं पैसा टाकण्याएवढा पैसा कुणाच्याच खिशात नव्हता.

पण खरा आवाज झोडणीचा. भात कापून कडपं दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची, भारे बांधून खळ्यावर आणायचे, उडव्या रचायच्या. मग एकेक पेंढी दोन्ही हातांत धरून आडव्या ओंडक्यावर झोडायची. वाळलेली पेंढी बसली की झाप् असा मोकळा आवाज येतो आणि मागं दाण्यांची सरसर. दमट पेंढीचा आवाज भद् असा बसका. दाणे सुटत नाहीत, ओंब्यांना चिकटून राहतात. माझा बाप खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेला असायचा. तिथनं ओरडायचा, "ती पेंढी बाजूला ठेव रं, वली हाय." बघितलेली नसायचीच. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला सरसर थांबायची, मग पेंढी टाकून द्यायची. त्यापुढं मारलेला प्रत्येक फटका फुकट, असं त्याचं म्हणणं. सहा-सात जण झोडत असले तरी कुणाचा हात फुकट चाललाय ते त्याला कळायचं, आणि त्या माणसाला त्या दिवशी बोलणी बसायची.

आता मळणीयंत्र येतं. तासावर भाडं घेतं आणि दिवसाचं काम दुपारपर्यंत उरकतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी झोडणी कधी केली नाही त्यांनाच झोडणीचं कौतुक फार. खांदे आमचे गेलेत. पण यंत्र चालू असलं की शेजारी उभा राहिलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि झोडणे या शब्दाचा अर्थ नातीला आता 'मारणे' एवढाच ठाऊक आहे.

मारण्यावरनं आठवलं. थोपटणं, थापटणं, धोपटणं हे तीन शब्द एका माळेतले. लेकराला थोपटतात, बैलाच्या पाठीवर थापटतात, आणि मास्तर आम्हाला धोपटायचे. हात तोच. धपाटा तर पाठीवरही बसतो आणि ताटातही पडतो. तव्यावरचे धपाटे मला आवडतात, पाठीवरचे लक्षात आहेत.

नातीच्या यादीत शेवटचा शब्द डॅश होता. गाइडात त्याचे अर्थ दिले होते, झटकन धावणे, आपटणे, आणि दोन शब्दांमधली आडवी रेघ. हा एक इंग्रजी शब्द मात्र मला तिच्या आधीपासनं ठाऊक होता. कसा, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. त्याआधी आपलं मराठी कसं चालतं तेही बघायला पाहिजे.

तो आपटला, म्हणजे आपला आपण पडला. त्यानं आपटलं, म्हणजे करणारा कुणी आहे. एवढ्याशा 'नं'वर सगळं फिरतं. धडकेचंही तसंच. 'दुचाकी ट्रकला धडकली' असं पेपरात आलं की वाचणारा म्हणतो, पोरगा जोरात हाकत असणार. 'ट्रकनं दुचाकीला धडक दिली' म्हटलं की शिव्या ट्रकवाल्याला. 'दोघांची धडक झाली' म्हटलं की कुणालाच नाही. आणि 'अपघात झाला' असं लिहिलं की जणू तो पावसासारखा वरनं पडला. आमच्या रस्त्यावर घाटाकडं जाणारी मोठी वाहनं रात्रभर चालतात, भाजीचे टेम्पो उलट्या अंगानं कल्याणकडं धावतात. महिन्यातनं एखादी तरी बातमी आमच्या भागातली असते. ती वाचताना मी आधी हे 'नं' बघतो.

२०२२ सालच्या दिवाळीनंतरचे दिवस. भारे खळ्यावर आले होते. आमचं खळं रस्त्यापासनं दोन शेतं आत, गावापासनं मुरबाडच्या अंगाला. रानडुकरं फार झालीत, म्हणून राखणीला जाऊन पडावं लागतं. राखण डोळ्यांनी होत नाही, अंधारात दिसणार काय? घोंगडी ओढून कान उघडा ठेवायचा. पेंढ्यात डुक्कर घुसलं तर जोराची खसखस होते, सुटलेलं गुरू आलं तर पावलांचा दबदब येतो. दंव पडायला लागलं होतं आणि मला झोप नव्हती. बाराच्या सुमाराला रस्त्याकडनं आवाज आला.

आधी खाटकन. पत्र्याचा आणि लोखंडाचा कोरडा. त्याला लागून खरर, लांबच लांब, डांबरावरनं लोखंड फरपटत गेल्यासारखा. तो चालू असतानाच मधे कुठंतरी धप्प. आणि या सगळ्याच्या खालून एका मोठ्या गाडीचं इंजिन, घाटाच्या दिशेनं निघालेलं. ते थांबलं नाही, हळूही झालं नाही. पुढच्या चढाला गियर टाकल्याचं मला ऐकू आलं.

मी बॅटरी घेऊन पळालो ते धप्प ऐकून. लोखंडाला लोखंड लागलं तर त्यात धप्प नसतो.

माझ्या चुलतभावाचा मुलगा होता. सव्वीस वर्षांचा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचा, दुसरी पाळी सुटून घरी येत होता. जीव होता. रस्त्यानं जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं गाडी वळवली, आम्ही त्याला आत घेतलं. मुरबाडला पोचेपर्यंत राहिला नाही.

सकाळी पंचनामा झाला. दुचाकी एका कुशीवर पडलेली. कडेला थोडी खडी सांडलेली. दुसरं वाहन कुठंच नाही. दिसलं तसं लिहिलं गेलं, दुचाकी स्लिप होऊन चालक रस्त्यावर आदळला. स्लिप हा शब्द आता मराठीच झालाय. पाय घसरतो, पण गाडी स्लिप होते. त्या शब्दात दुसरं कुणी नसतंच. तू, तुझी गाडी आणि तुझं नशीब.

दोन दिवसांनी माझा जबाब घेतला. लिहिणारा शिपाई तरणा होता, बोलण्यावरनं शहरातला. मी सगळं सांगितलं. त्यानं लिहून वाचून दाखवलं, "रात्री मोठा आवाज झाल्याने मी त्या ठिकाणी गेलो."

मी म्हणालो, "मोठा आवाज असं मी बोललो नाय."

"काका, आवाज झाला ना?"

"तीन झाले. चौथा इंजिनाचा."

"आता खाट आणि खरर असं जबाबात कसं लिहू? साहेब हसतील."

"हसू देत. माझी सही पाहिजे तर माझे शब्द पाहिजेत."

तो वैतागला. त्याचंही बरोबर होतं, त्याच्या टेबलावर असल्या फायलींचा ढीग होता आणि मी म्हातारा आवाज काढून दाखवत होतो. शेजारच्या टेबलाशी एक जुने हवालदार बसले होते. इतका वेळ ते काही बोलले नव्हते. त्यांनी मान वर करून मला एकच विचारलं, "आधी कोणता?"

"आधी खाट, मग खरर."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

गाडी घसरली तर आधी घासते, आणि मग जाऊन कशाला तरी लागते. आधी खरर, मग खाट. सायकल शिकलेलं कुठलंही पोर हे सांगेल. माझ्या कानावर उलटं आलं होतं. आधी काहीतरी लागलं होतं, आणि मग गाडी घासत गेली होती. हवालदार त्या तरण्या शिपायाला घेऊन पुन्हा जागेवर आले. रस्त्यावरचा ओरखडा जिथं सुरू होत होता, त्याच्या चार-पाच पावलं अलीकडं, मुरबाडच्या बाजूला, गवतात लाल प्लास्टिकचे तुकडे सापडले. दुचाकीच्या मागच्या दिव्याचे. मागचा मडगार्ड आत दबलेला होता. तो पहिल्या दिवशीही तसाच असणार, पण पडताना दबला असेल असं समजून कुणी त्याकडं बघितलं नव्हतं. आणि खडी होती ती ओरखडा सुरू झाल्याच्या पुढं. जी खडी अजून यायचीच होती, तिच्यावरनं गाडी घसरणार कशी?

माझा जबाब हवालदारांनी स्वतः पुन्हा लिहिला. 'प्रथम दोन वाहने एकमेकांस लागल्यासारखा खाटकन आवाज आला, त्यानंतर वाहन घासत गेल्याचा आवाज आला,' असं. खाटकन हा शब्द त्यांनी तसाच ठेवला. खरर तेवढा गाळला. मी सही केली.

पुढच्या कागदात 'अज्ञात वाहनाने पाठीमागून धडक दिल्याने' असं आलं. ते वाहन काही सापडलं नाही. घाट चढून गेलेलं वाहन रात्रीतनं कुठल्या कुठं जातं. पण कागदावरच्या या बदलानं काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना हे माहीत नसतं. धडक देऊन पळून गेलेलं वाहन सापडलं नाही, तर मेलेल्या माणसाच्या वारसांना सरकारी योजनेतनं भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासनं ती दोन लाख रुपये झाली, त्याआधी पंचवीस हजार होती. जबर जखमी झालेल्याला पन्नास हजार. अर्जाची चौकशी तालुक्याला होते आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडनं येते. पण त्यासाठी धडक पाहिजे. गाडी स्लिप झाली असेल तर त्या योजनेत काहीच नाही. पोराची दुचाकी जुनी, तिचा विमा संपलेला, त्यामुळं तिकडनंही काही यायचं नव्हतं. पाठीमागं आई, बायको आणि दीड वर्षाचं लेकरू.

अर्जाचे कागद एका वकिलांनी करून दिले. त्यांत एक इंग्रजी कागद होता. माझं इंग्रजी किती ते वर सांगितलंच आहे, पण अपघाताचं वाक्य मी अक्षर जुळवून वाचलं. 'अननोन व्हेइकल गेव्ह डॅश'. अनोळखी वाहनानं डॅश दिला. तेव्हा वाटलं, इंग्रजांकडंही धडक देतातच म्हणजे. पुढं मोल्सवर्थवाल्या गुरुजींना विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, इंग्लंडात असं कुणी बोलणार नाही. हे आपल्या पोलिसांचं आणि कोर्टाचं इंग्रजी. 'धडक दिली' हे आपण मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं, आणि ते रुळलं. मुंबई हायकोर्टाच्या निकालांतसुद्धा असंच लिहिलेलं असतं. म्हणून नातीच्या गाइडात हा अर्थ नाही. तिला मी यादीत तो लिहायला लावला. बाईंनी त्यावर लाल पेनानं प्रश्नचिन्ह केलं. करू दे.

पैसे यायला वर्ष उलटून गेलं. एक कागद कमी, एक शिक्का कमी, असं करत वहिनीबरोबर मी किती फेऱ्या घातल्या त्याचा हिशेब ठेवला नाही. सुनेच्या आणि लेकराच्या नावानं रक्कम ठेवली. वहिनीनं स्वतःसाठी काही घेतलं नाही, भाताचा तेवढा एक पत्र्याचा कणगा आणला, कारण उंदरांनी जुना पोखरला होता.

पैसे खात्यात आल्याचं सांगायला गेलो त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

"भावजी, तुम्ही ऐकत होता ना? त्यानं हाक मारली का वं?"

"नाय," मी म्हणालो. "हाक नाय आली."

ते खरंच होतं. खाट काय ते मी तिला आधीच सांगितलं होतं, खररही सांगितलं होतं, कारण कागद कशावरनं बदलला ते तिला कळायला पाहिजे होतं. तिसरा आवाज सांगितला नाही. तो जबाबात आहे. जबाबाची नक्कल तिच्याच ट्रंकेत आहे. तिला वाचता येत नाही, आणि सून वाचते पण तिनं कधी वाचून दाखवला नाही.

तिची मळणी आता आम्ही भाऊबंदच करतो. यंत्र आमच्याकडचं झालं की तिच्या खळ्यावर नेतो. संध्याकाळी पोती तिच्या पडवीत न्यायची असतात. पोतं खांद्यावरनं उतरवायची आमच्याकडची रीत म्हणजे खांदा तिरका करायचा आणि सोडून द्यायचं. तिच्या पडवीत कुणी सोडत नाही. कुणी सांगितलेलं नाही, ठरवलेलंही नाही. एक जण पाठीवरनं वाकतो, दुसरा खालनं दोन्ही कान धरतो, आणि पोतं जमिनीला लागेपर्यंत दोघं हात काढत नाहीत. वेळ लागतो. पंचवीस पोत्यांना अंधार पडतो.